‘अँटीव्हायरस कोणता टाकू?’ त्याआधी फोनमध्ये काय तपासायचं

प्रश्न बीड जिल्ह्यातल्या एका गावातून आलाय. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून ‘पीएम किसान’ नावाची फाइल आली. वडिलांनी ती उघडली, दोन-तीन वेळा ‘अलाऊ’ दाबलं, समोर आलेल्या फॉर्ममध्ये आधार क्रमांक आणि एटीएम कार्डाचा नंबर भरला. नंतर ते अ‍ॅप फोनमध्ये दिसेनासं झालं. खात्यातून पैसे अजून गेलेले नाहीत. मुलगी विचारते की चांगला अँटीव्हायरस कोणता, आणि घरात आईचा फोन (आई अंगणवाडी सेविका आहेत) व धाकट्या भावाला महाज्योती या सरकारी संस्थेकडून मिळालेला टॅब आहे, ते कसे सांभाळायचे.

मी लातुरात बरीच वर्षं फोनच्या दुरुस्तीचं आणि सॉफ्टवेअरचं काम करतो. अशी फाइल उघडलेले फोन माझ्याकडे नेहमी येतात. ताई, अँटीव्हायरसचं नंतर बोलू. आधी हे वाचता वाचताच वडिलांचा फोन हातात घ्या.

फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते बघा. मग सिम काढा आणि घरातल्या दुसऱ्या, ही फाइल न उघडलेल्या फोनमध्ये घाला. यामुळे बँकेचे मेसेज त्या बिघडलेल्या फोनमध्ये पोचणं थांबतं. सिम दुसऱ्या फोनमध्ये सुरू झालं की ##००२# डायल करा. त्याने सगळं कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे आपले कॉल दुसऱ्या नंबरकडे वळवणं, रद्द होतं. फॉरवर्डिंगची नोंद फोनमध्ये नसते, कंपनीच्या नेटवर्कवर असते. फोन रिसेट केला तरी ती तशीच राहते, म्हणून हे वेगळं करावं लागतं.

त्यानंतर बँक. पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवरच फोन करा. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधू नका, तिथे चोरांनी आपलेच नंबर पेरून ठेवलेले असतात. कार्ड ब्लॉक, यूपीआय बंद, नेट बँकिंग बंद, अशा तिन्ही गोष्टी नाव घेऊन सांगा. खातं जिल्हा बँकेत किंवा ग्रामीण बँकेत असेल तर वडिलांना घेऊन शाखेत जा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पैसे गेले नाहीत म्हणजे धोका टळला असं धरू नका. खात्यात रक्कम कमी असेल तर चोर सोयाबीनचे पैसे किंवा पीकविमा जमा होण्याची वाटही बघू शकतो.

एक रुपया जरी गेला असेल तरी बँकेच्या बरोबरीने लगेच १९३० ला फोन करा. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला निरोप जातो आणि तिथे उरलेली रक्कम अडवून ठेवता येते. चोर ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात झपाट्याने हलवतात, म्हणून इथे तासाचंही मोल आहे. ‘उद्या तालुक्याला जाऊन बघू’ म्हणू नका. हीच तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही करता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की ग्राहकाच्या चुकीने माहिती गेली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे किती वाजता कळवलं आणि तक्रार क्रमांक काय मिळाला, हे वहीत लिहून ठेवा.

आता त्या फाइलने नेमकं काय केलं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

‘पीएम किसान’ नावाची ती फाइल एपीके होती, म्हणजे थेट इन्स्टॉल होणारं अ‍ॅप. सरकारचं पीएम किसानचं अ‍ॅप प्ले स्टोअरवर आहे. ते कुणीही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही. फाइल उघडल्यावर फोनने आधी विचारलं असेल की अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप इन्स्टॉल करू का. वडील हो म्हणाले. मग अ‍ॅपने एसएमएस वाचायची आणि पाठवायची परवानगी मागितली. वडील परत हो म्हणाले. मग फॉर्ममध्ये कार्डाचा नंबर मागितला. यूपीआयचा पिन नव्याने ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. आधारवरूनही पिन ठरवता येतो, त्याला आधारचे पहिले सहा अंक आणि ओटीपी लागतात. फॉर्ममधून अंक मिळाले आणि एसएमएसच्या परवानगीतून ओटीपी. शिवाय यूपीआय अ‍ॅप सुरू करताना खात्याला जोडलेल्या सिमवरून एक मेसेज जावा लागतो, तोही हे अ‍ॅप वडिलांच्या नकळत पाठवू शकतं. एवढं हाती आलं की चोराला वडिलांचा फोन हातात धरायची गरज उरत नाही.

नंतर अ‍ॅप दिसेनासं झालं, कारण त्याने आपलं चिन्ह लपवलं. आत ते चालूच असतं.

यात कुठेही फोनचं कुलूप फुटलेलं नाही. ‘फोन हॅक झाला’ म्हणून जे फोन माझ्याकडे येतात त्यातल्या जवळजवळ सगळ्यांची हीच कथा असते. विचारलेल्या प्रश्नाला मालकानेच ‘हो’ म्हटलेलं असतं. मालकाला कुठलाच हात न लावू देता फोनमध्ये शिरणारी हत्यारं जगात आहेत. २०२१ साली पेगाससच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. पण ती अतिशय महाग हत्यारं आहेत आणि ठरावीक माणसांवर चालवली जातात. केज किंवा औशाच्या शेतकऱ्याच्या खात्यासाठी ती कुणी वापरत नाही. त्याची गरजच पडत नाही, एक ‘अलाऊ’ पुरतो. म्हणून आपली राखण त्या ‘अलाऊ’पाशीच हवी.

बँकेचं काम आटोपलं की फोन साफ करू. आधी त्या मेसेजचे, फाइलच्या नावाचे आणि पाठवणाऱ्याच्या नंबरचे फोटो दुसऱ्या फोनवरून काढून ठेवा, पोलिसांना ते लागतात. मग फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये बंद करायचं बटण दाबून ठेवल्यावर ‘पॉवर ऑफ’ दिसतं, त्या पॉवर ऑफवरच बोट दाबून धरलं की सेफ मोड विचारतो. या मोडमध्ये बाहेरून टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची पूर्ण यादी उघडा. चोराचं अ‍ॅप तिथे रिकाम्या नावाने किंवा ‘सिस्टीम अपडेट’सारख्या साध्या नावाने बसलेलं असतं. ‘अनइन्स्टॉल’ फिकट दिसत असेल, दाबलं जात नसेल, तर त्याने डिव्हाइस अ‍ॅडमिनचा अधिकार घेतलाय. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ टाका, तिथली त्याची टिक काढा, मग ते निघेल.

एवढं करूनही, कार्डाचा नंबर भरलेला फोन असेल तर मी फॅक्टरी रिसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करायलाच सांगतो. एकाच फाइलने मागून आणखी एखादं अ‍ॅप ओढून आणलेलं असू शकतं आणि सगळं निघालं याची खात्री डोळ्यांनी होत नाही. फोटो आणि फोन नंबर काढून घ्या, अ‍ॅप मात्र जुन्या फाइलींमधून परत टाकू नका, प्ले स्टोअरवरून नव्याने घ्या.

पण थांबा. रिसेट करण्याआधी एक प्रश्न वडिलांना विचारा: फोनमधल्या जीमेलचा पासवर्ड कुणाला माहीत आहे? रिसेटनंतर अँड्रॉइड फोन जुनं गूगल खातं आणि त्याचा पासवर्ड मागू शकतो. तेव्हा तो ठाऊक नसला तर फोन तिथेच अडकून बसतो.

या प्रश्नावर आपल्या भागात मला जी उत्तरं मिळतात त्यांनी मला व्हायरसपेक्षा जास्त काळजी वाटते. ‘ते दुकानातल्या पोरानं काढून दिलंय,’ हे नेहमीचं उत्तर. फोन घेताना दुकानदार घाईने एक जीमेल उघडतो, पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर किंवा नावापुढे १२३ टाकतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्याच्या मनात वाईट नसतं. पण त्या एका खात्याला फोनमधले फोटो, सगळे नंबर, सेव्ह केलेले पासवर्ड, माणूस आत्ता कुठे आहे ते ठिकाण, एवढं सगळं जोडलेलं असतं. तो पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो दुसऱ्या गावातून तुमचा फोन पुसूनही टाकू शकतो. काही घरांत चार फोनमध्ये एकच जीमेल असतं आणि मुलीने काढलेले फोटो चुलतभावाच्या फोनमध्ये उमटतात. मग ‘फोन हॅक झालाय’ म्हणून भांडणं होतात. हॅक काही झालेलं नसतं, खातंच सामाईक असतं.

तेव्हा प्रत्येक फोनला ज्याचं त्याचं गूगल खातं हवं. सेटिंग्जमध्ये ‘गूगल’ उघडा, खात्याच्या ‘सिक्युरिटी’ भागात जा. तिथे हे खातं कोणकोणत्या उपकरणांवर चालू आहे त्याची यादी दिसते. ओळखीचं नाही ते तिथूनच साइन आउट करा. रिकव्हरीचा नंबर घरातलाच आहे ना ते बघा, कारण बऱ्याचदा तिथेही दुकानाचाच नंबर असतो. पासवर्ड स्वतः बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, चालू करा. पासवर्ड लांब असू द्या. तीन-चार साधे मराठी शब्द एकापुढे एक इंग्रजी अक्षरांत लिहिले तरी चालतं, ते वडिलांच्याही लक्षात राहतील. कागदावर लिहून बँकेच्या पासबुकात मात्र ठेवू नका, पासबुक तर सगळीकडे फिरतं.

हे काम बिघडलेल्या फोनवरून करायचं नाही. दुसऱ्या फोनवरून करा, नाहीतर नवा पासवर्डही चोराच्या हाती जाईल.

आता अँटीव्हायरस. अँड्रॉइडमध्ये प्ले प्रोटेक्ट नावाची तपासणी आधीपासून असते. प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यात आपल्या फोटोवर टॅप करा, तिथे प्ले प्रोटेक्ट आहे. ते चालू आहे का आणि शेवटचं स्कॅन कधी झालं ते बघा. अशा फाइली पाठवणारे फोनवर बोलत बोलत पहिल्यांदा हेच बंद करायला सांगतात. अमुक अ‍ॅप चालावं म्हणून प्ले प्रोटेक्ट बंद करा असं कुणी म्हणालं की समजा, ते अ‍ॅप चोराचं आहे. भारतात अशा फाइलींमधून होणारी फसवणूक बघून गूगलने २०२४ मध्ये एक जास्तीची अडवणूक आणायचं जाहीर केलं: ब्राउझर किंवा मेसेजमधून आलेलं अ‍ॅप एसएमएस वाचायची, नोटिफिकेशन वाचायची किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल तर ते इन्स्टॉलच होऊ द्यायचं नाही.

वेगळा अँटीव्हायरस हवाच असेल तर नाव असलेल्या कंपनीचा घ्या. पुण्याच्या क्विक हीलसारख्या जुन्या कंपन्या आहेत. सरकारच्या सी-डॅक संस्थेचं एम-कवच २ हे मोफत अ‍ॅप आहे, त्याची माहिती सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मिळते. माझ्या मते सर्वसाधारण घराला प्ले प्रोटेक्ट आणि वेळच्या वेळी अपडेट एवढं पुरतं. ‘व्हायरस क्लीनर’, ‘सुपर बूस्टर’, ‘बॅटरी डॉक्टर’ अशा नावांची अ‍ॅप मात्र अजिबात नकोत. मी फोनमधून जी काढतो त्यात ही सगळ्यात जास्त असतात, आणि फोनभर जाहिराती उगवायचं कारणही बहुतेक वेळा तीच असतात.

‘तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस सापडले’ अशी लाल पाटी दिसते, कधी कधी फोन थरथरतोही. बहुतेक वेळा ती निव्वळ जाहिरात असते. कुठल्यातरी सिनेमाच्या किंवा क्रिकेटच्या साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितली होती आणि ती दिली गेली. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’. अनोळखी साइट तिथून काढल्या की पाटी बंद. आईच्या फोनवरही हे बघून घ्या.

तिन्ही उपकरणांवर मी कोणत्या परवानग्या तपासेन ते सांगतो. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘अननोन अ‍ॅप्स’ टाका. कोणत्या अ‍ॅपला बाहेरची अ‍ॅप इन्स्टॉल करायची मुभा आहे त्याची यादी येईल. व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, टेलिग्राम, फाइल मॅनेजर, सगळ्यांपुढे ‘नॉट अलाऊड’ पाहिजे. पेरणीच्या वेळी आपण बियाण्याची पिशवी परवाना असलेल्या दुकानातून पावती घेऊन आणतो, बांधावर येऊन स्वस्तात देणाऱ्या अनोळखी माणसाकडून घेत नाही. अ‍ॅपचंही तसंच धरा, दुकान एकच, प्ले स्टोअर. तिथेही खोटी अ‍ॅप कधीमधी शिरतात, म्हणून बनवणाऱ्याचं नाव वाचायचं. पण धोका कितीतरी कमी.

मग ‘परमिशन मॅनेजर’ उघडा आणि एसएमएस कोणाकोणाला वाचता येतात ते बघा. मेसेजचं अ‍ॅप, यूपीआयचं अ‍ॅप, बँक, एवढंच तिथे शोभतं. टॉर्च, कॅलेंडर, फोटो सजवायचं अ‍ॅप तिथे दिसलं तर काढा.

तिसरी, आणि माझ्या लेखी सगळ्यात घातक, अ‍ॅक्सेसिबिलिटी. ही सोय दृष्टिहीन आणि हात चालवता न येणाऱ्या माणसांसाठी केलेली आहे आणि त्यांच्यासाठी ती मोलाची आहे. ती ज्या अ‍ॅपला मिळते त्याला पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि आपल्या वतीने बटणं दाबता येतात. चोराच्या अ‍ॅपला ही मिळाली की ते पुढचे सगळे ‘अलाऊ’ स्वतःच दाबतं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपला ही परवानगी सहज देता येत नाही, ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ असं अडवणारं पान येतं. म्हणून फसवणारे आता व्हिडिओ पाठवून तीन ठिपक्यांमधून ते कसं उघडायचं ते शिकवतात. घरात कुणाला ती सोय लागत नसेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या यादीत बाहेरून टाकलेलं एकही अ‍ॅप चालू दिसता कामा नये.

फाइल ओळखीच्या माणसाकडून आली होती, हे तुम्ही आवर्जून लिहिलंय. ते महत्त्वाचंच आहे. त्या माणसाने ती पाठवली नसणार, त्याचा फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप आधीच चोराच्या ताब्यात गेलेलं असणार. म्हणून नंबर ओळखीचा आहे की नाही यावरून काही ठरत नाही. फाइल एपीके आहे का, एवढंच बघायचं. आज पीएम किसान, उद्या आरटीओचं चलान, लग्नाची पत्रिका, लाडकी बहीण ई-केवायसी, वीज तोडण्याची नोटीस. नावं हंगामाप्रमाणे बदलतात. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, तिला इन्स्टॉल व्हायची गरज नाही. चलान आलंय का ते वाहतूक विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून दिसतं.

आता त्या माणसाला फोन करून सांगा. वडिलांच्याही नंबरवरून ती फाइल पुढे गेली असेल, तर ग्रुपवर आवाजात निरोप टाका. मजकूर न वाचणारी माणसंही आवाज ऐकतात. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला ती फाइल सगळ्यांसाठी पुसता येते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त कागदपत्रांचं आपोआप डाउनलोड बंद करा, ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी संगणक असेल तर काढा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. असा पिन असला की मेसेजचा कोड चोरूनही तुमचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर लगेच चालू करता येत नाही.

सिमबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. बँकेला जोडलेला नंबर रिचार्जअभावी बंद पडला तर तो कायमचा आपला राहत नाही. ९० दिवसांनंतर कंपनी तो दुसऱ्या कुणालाही देऊ शकते आणि मग आपले ओटीपी त्या माणसाकडे जातात. बीड, धाराशिवकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. घरी म्हातारी माणसं आणि लेकरं, जुना फोन बिनरिचार्जचा पडून. खात्याला जोडलेला नंबर तोच असतो. तो चालू ठेवा किंवा बँकेत जाऊन नंबर बदलून घ्या. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर दिसतं, अनोळखी असेल त्याची तक्रार तिथेच होते. फोन बाजारात किंवा बसस्टँडवर चोरीला गेला तर तिथूनच तो आयएमईआय नंबरवर, म्हणजे फोनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावर, ब्लॉकही करता येतो. त्यासाठी पोलिसांतल्या तक्रारीची प्रत लागते. आयएमईआय नंबर *#०६# डायल केल्यावर दिसतो. आजच तिन्ही उपकरणांचा लिहून ठेवा, चोरीनंतर शोधणं अवघड जातं.

सिमलाही पिन लावता येतो. म्हणजे चोराने सिम काढून आपल्या फोनमध्ये घातलं तरी ते चालत नाही. सुरुवातीचा पिन आधी कंपनीला विचारून घ्या. तीन वेळा चुकला तर सिम अडकतं आणि ते उघडायचा पीयूके क्रमांक मागतं. त्याबरोबर लॉक पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसू नये असं सेटिंग करा, नाहीतर लॉक असलेल्या फोनवरही ओटीपी वाचता येतो.

स्क्रीन दाखवायची अ‍ॅप हा आणखी एक मार्ग. एनीडेस्कसारख्या अ‍ॅपवरून फोन ताब्यात घेऊन पैसे काढले जातात, याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. ती अ‍ॅप खरीच असतात, म्हणून अँटीव्हायरस काही बोलत नाही. फोनवर बोलणारा माणूस ‘स्क्रीन शेअर’ म्हणाला की फोन ठेवून द्यायचा. आणि यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपपासून घरातल्या तरुण मंडळींना जपा. नंबरांची यादी आणि गॅलरी मागून नंतर नातेवाइकांना घाणेरडे फोटो पाठवायची धमकी देतात. मे २०२३ च्या अखेरीपासून प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या अ‍ॅपना फोटो आणि नंबर घ्यायला गूगलने मनाई केली आहे. त्यामुळे असं काही मागणारं अ‍ॅप बहुधा बाहेरून, लिंकवरून आलेलं असतं. त्यात कुणी सापडलं असेल तर त्याला आधी धीर द्या, रागावू नका, आणि १९३० कडे न्या.

रेल्वे स्टेशनवर फोन चार्ज करण्याची भीती मात्र जरुरीपेक्षा जास्त पसरलेली आहे. आताचे फोन वायर लावल्यावर नुसते चार्ज होतात, डेटा द्यायचा का ते आधी विचारतात. तिथेही ‘हो’ म्हणायचं नाही, एवढंच. फुकटच्या वायफायवर बँकेचं काम टाळा.

अपडेटबद्दल थोडं. सेटिंग्जमध्ये ‘अँड्रॉइड व्हर्जन’पाशी सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. काही महागड्या फोनना सात वर्षं अपडेट मिळतात, बऱ्याच स्वस्त फोनना त्याच्या निम्म्यानेही मिळत नाहीत. तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर तो फोन गाणी, व्हिडिओ, बोलणं यासाठी ठेवा, बँक आणि यूपीआय त्यावर नको. घरातल्या सगळ्यात ताज्या अपडेटच्या फोनवर पैशाचे व्यवहार ठेवायचे, मग तो कुणाचाही असो. जुना फोन विकत घेत असाल तर त्याचा आयएमईआय १४४२२ वर मेसेज करून तपासा: इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो नंबर. कुणाच्या घरी आयफोन किंवा आयपॅड असेल तर तिथे बाहेरच्या फाइली अशा इन्स्टॉल होत नाहीत, अँटीव्हायरसचीही गरज नाही. पण अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड आणि फसवे फोन, यांचा धोका तिथेही तेवढाच.

आईच्या फोनमध्ये अंगणवाडीच्या नोंदींचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप आहे, म्हणजे गावातल्या गरोदर बायांची आणि लेकरांची माहिती त्यांच्या हातात आहे. त्या फोनला लॉक हवाच, आणि तो भावाला गेम खेळायला द्यायचा नाही. कार्यालयातून बोलतोय म्हणून कुणी लाभार्थींचे नंबर किंवा आलेला ओटीपी मागितला तर फोन ठेवून पर्यवेक्षिकाबाईंना स्वतः फोन करून विचारायचं.

राहिला टॅब. भाऊ नीट परीक्षेची तयारी त्यावर करतो असं तुम्ही लिहिलंय. त्या टॅबवर वडिलांचं गूगल खातं असेल तर आजच काढा, त्याचं स्वतःचं टाका. बँकेला जोडलेलं सिम त्यात घालू नका, त्याच्या डेटाचं सिम वेगळंच असू द्या. यूपीआय अ‍ॅप त्यावर नको. नोट्स आणि पेपरच्या नावाखाली टेलिग्रामच्या चॅनलवर फाइली फिरतात, त्यात पीडीएफ घ्यायच्या, एपीके नाही. पैसे भरून मिळणारं अभ्यासाचं अ‍ॅप फुकटात देतो म्हणणाऱ्या बदललेल्या फाइली तर मुळीच नाही. टॅब अँड्रॉइडचा असेल आणि घरातली लहान लेकरंही हात लावत असतील, तर सेटिंग्जमध्ये ‘मल्टिपल यूजर्स’ शोधा आणि त्यांच्यासाठी वेगळा यूजर करून द्या. त्यांनी टाकलेले गेम त्याच्या अभ्यासाच्या खात्यात येणार नाहीत.

वडिलांचा फोन रिसेट होऊन आला की सिम परत घाला, यूपीआय नव्याने चालू करा, बँकेकडून नवीन कार्ड मिळेपर्यंत जुन्या कार्डाचा नंबर कुठेही टाकू नका. त्यानंतर महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी खात्याचा उतारा बघा. तुम्ही न केलेला अगदी एक रुपयाचाही व्यवहार दिसला, तर त्याच दिवशी परत बँकेला कळवा.